दोनची झोप

रोज दुपारी दोन वाजता त्या हॉस्पिटलचा सर्व्हर झोपायचा. झोपायचा म्हणजे त्याला झोपवावं लागायचं, आणि ते काम तळमजल्यावरच्या थंडगार खोलीत बसणाऱ्या बाईंचं होतं. बाईंचं खरं नाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच. डॉक्टरांपासून दारावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळे त्यांना सर्व्हरबाई म्हणत, आणि त्यांनीही कधी हरकत घेतली नाही. माणूस दमला की नावासाठी भांडत बसत नाही.

सर्व्हरची तक्रार साधी होती. सकाळी तो ताजातवाना असायचा. दिवस चढेल तशी त्याच्यातली मेमरी भरत जायची, आणि जेवणाच्या सुमारास तो असा सुस्तावायचा की वॉर्डातल्या डॉक्टरने रिपोर्टसाठी बटण दाबावं आणि पडद्यावर गोल फिरणारं चक्र बघत बसावं. तसाच चालू ठेवला तर संध्याकाळी आपण होऊन मान टाकायचा. एकदा ऑपरेशनच्या टेबलावर माणूस असताना सर्व्हरने मान टाकली, रक्तगटाचा रिपोर्ट आत अडकला आणि एक नर्स जिने चढत-उतरत धावली. त्या दिवसापासून ठरलं की त्याने नको त्या वेळी पडण्यापेक्षा आपणच त्याला दुपारी, गर्दी कमी असताना, बंद करून पुन्हा चालू करायचं. दहा मिनिटांचा खेळ. मेमरी रिकामी, सर्व्हर पुन्हा सकाळसारखा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच रडगाणं. हॉस्पिटलात त्याला 'दोनची झोप' असं नाव पडलं होतं.

घेतलेली वस्तू परत न करणारी माणसं असतात, तसे प्रोग्रामही असतात. कामासाठी मेमरी मागून घ्यायची आणि काम झालं की परत द्यायची, हा त्यांच्यातला शिष्टाचार. एखादा विसरभोळा निघतो, थोडं थोडं स्वतःकडेच ठेवत जातो, आणि एके दिवशी सगळ्या घराला जागा पुरेनाशी होते. याला मेमरी लीक म्हणतात. गळती म्हटलं की भिंतीवर ओल दिसते, खाली भांडं ठेवता येतं. इथे शेकडो प्रोग्राम चालू, आणि त्यातला कुणी ताकास तूर लागू देत नव्हता.

बाईंना या शोधाचा कंटाळा आला होता असं म्हणणं म्हणजे कमी सांगणं. त्यांच्या हाडांत तो उतरला होता. पूर्वी खोलीत एक जोडीदार असायचा, तो बरी नोकरी मिळताच निघून गेला आणि त्याची खुर्ची रिकामीच राहिली. तेव्हापासून दोनची झोप म्हणजे बाई, आणि बाई म्हणजे दोनची झोप. रविवारीसुद्धा. बंद करण्याचाही क्रम होता. आधी लॅबला सांगायचं, मग वाटेत असलेले रिपोर्ट आत येऊ द्यायचे, मग बंद करायचं. एकदा बाई तापाने घरी असताना पहारेकऱ्याने उत्साहाने नुसतं बटण दाबलं होतं आणि अर्धे रिपोर्ट गायब झाले होते. त्यानंतर साहेबांनी फर्मान काढलं की बाईंशिवाय कुणी हात लावायचा नाही.

साहेब म्हणजे हॉस्पिटलचा कारभार बघणारे. माणूस वाईट नव्हता, पण 'बघू' हा शब्द त्यांच्या तोंडात एवढा बसला होता की त्यांच्या केबिनमध्ये गेलेली कुठलीही मागणी जिवंत परत येत नसे. बाईंची रजा तिथे दोनदा गेली होती.

आणि रजा लहर म्हणून मागितलेली नव्हती. दुसऱ्या गावी बाईंची थोरली बहीण होती, ताई. वडील, अप्पा, पडले तेव्हापासून अंथरुणाला खिळलेले, आणि त्यांचं सगळं ताई करायची. कूस बदलण्यापासून दाढीपर्यंत. ते करता करता ताईच्या पोटात दुखू लागलं. पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टर म्हणाले, काढून टाकू, आठवडाभर विश्रांती घ्या, मग मोकळ्या. पण आठवडाभर अप्पांचं कोण करणार? बाईंनी सांगितलं, मी येते. तारीख ठरली, रजा मंजूर झाली, आदल्या दिवशी सर्व्हरने सकाळीच मान टाकली आणि रजा रद्द. दुसऱ्यांदा तारीख ठरली, तेव्हा साहेबांनी स्पष्टच विचारलं की तुम्ही गेलात तर दोनला कोण बंद करणार? दोन्ही वेळा ताई फोनवर एवढंच म्हणाली होती, "असू दे गं." ती रागावली असती तर बाईंना बरं वाटलं असतं.

आता तिसरी तारीख होती, पुढच्या सोमवारची. साहेब म्हणाले होते की सर्व्हर आधी दुरुस्त करा, मग खुशाल जा. बाईंनी त्याच संध्याकाळी, सोमवारी, ताईला फोन केला आणि या वेळी नक्की म्हणून सांगितलं. मागे ताईच्या घरात अप्पा कण्हत होते. ताई म्हणाली, "हो गं. तू तुझं बघ आधी." मग तिचा श्वास मध्येच थांबला, दुखलं असावं, आणि तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी बाई कंबर कसून बसल्या. सर्व्हरला जोडलेल्या प्रत्येक कनेक्शनने किती मेमरी धरून ठेवलीय हे त्या बघू लागल्या. वॉर्डातले पडदे उघडत होते, बंद होत होते, त्यांची कनेक्शनं येत होती, जात होती, सगळी सडपातळ. फक्त दोन कनेक्शनं हळूहळू फुगत होती, आणि दोन्ही वरच्या मजल्यावरच्या लॅबची होती. रक्त तपासणाऱ्या दोन मोठ्या यंत्रांची.

बाई जिना चढून वर गेल्या. लॅबचा कारभार लॅबकाकूंकडे होता. काकू ठेंगण्या, आवाज खणखणीत, आणि चोवीस तास उभ्याने काम करून पायांच्या शिरा दोरीसारख्या फुगलेल्या. त्यांच्या हाताखालच्या दोघीतिघींचीही तीच गत. बाईंनी विचारलं, ही यंत्रं कधी सर्व्हरपासून सोडवता का? काकूंनी यंत्राकडे बोट दाखवलं. स्विचवर चिकटपट्टी लावली होती आणि खाली कागद: बंद करू नये. काकूंच्या सांगण्याप्रमाणे ते यंत्र एकदा सुटलं की पुन्हा मार्गी लागायला फार नखरे करायचं, म्हणून लॅब चोवीस तास सुरू झाली तेव्हाच ती पट्टी लागली होती. दोनच्या झोपेत तेवढं सर्व्हरकडूनच कनेक्शन तुटायचं, यंत्राचा काही दोष नाही, आणि यंत्राला दोष द्यायचा असेल तर आधी माझ्याशी बोला, असंही त्यांनी ऐकवलं.

बाई म्हणाल्या की दोष कुणालाच देत नाहीये, शोधतेय.

"शोधा," काकू म्हणाल्या. "पण सावकाश शोधा हो. दोनला सर्व्हर बंद असतो, नमुने यंत्रात घालता येत नाहीत, म्हणून तर या पोरी जरा टेकतात."

तेव्हा बाईंचं लक्ष गेलं. भिंतीशी चार स्टुलं एका रांगेत लावून ठेवली होती, आणि समोर पाय ठेवायला उपडे केलेले दोन खोके. दोन वाजायची वाट बघत असल्यासारखी ती मांडामांड होती. बाई खाली आल्या.

कनेक्शन दिवसभर उघडं राहिलं म्हणून ते फुगायला नको होतं. कुणीतरी त्यात भरत होतं. बाईंनी अडगळीतलं एक जुनं मशीन झाडूनपुसून काढलं, त्यावर डेटाबेसची नक्कल ठेवली आणि मागचे रिपोर्ट एकामागून एक त्यात सोडायला लावले. नक्कलही फुगायला लागली. बाईंना एवढा आनंद झाला की त्यांनी रिकाम्या खुर्चीकडे बघून मान हलवली. चोर इथेही आला होता. आता घराची दारं एकेक करून लावायची.

डेटाबेसमध्ये ट्रिगर नावाची एक चीज असते. एखादी नोंद बदलली की कुणी न बोलावता आपोआप धावून येणारा छोटा प्रोग्राम. रिपोर्ट आला की एक ट्रिगर रुग्णाला मेसेज धाडतो, एक बिलाच्या खात्याला कळवतो, एक धोक्याचा आकडा दिसला की डॉक्टरच्या पडद्यावर लाल खूण करतो. असे पाच-सहा होते. बाईंचा मनापासून संशय मेसेजवाल्यावर होता. तो बाहेरच्या कंपनीने बनवला होता, त्यांचा माणूस गळ्यात चकचकीत पट्टा घालून आला होता आणि बाईंना तीन वेळा 'मॅडम, सोपं आहे' म्हणाला होता. तो दोषी निघावा अशी बाईंची फार इच्छा होती. त्यांनी तो बंद केला आणि हातावर हात ठेवून पडद्याकडे बघत बसल्या. मेमरी पूर्वीसारखीच चढत राहिली. मेसेजवाला धुतल्या तांदळासारखा निघाला, आणि बाईंचा अर्धा तास वाईट गेला.

प्रत्येक ट्रिगर बंद करायचा, रिपोर्ट पुन्हा सोडायचे, थांबायचं, आकडे बघायचे. असं करता करता पुढचा दिवसही सरला. मध्ये खऱ्या सर्व्हरला दोनला झोपवायचं, मध्ये वॉर्डातून फोन येणार की प्रिंटर कागद ओढत नाही, मध्ये साहेबांचा निरोप की काय झालं. डोळे चुरचुरत होते. चहा ठेवल्या जागी गार होत होता. बिलवाला निर्दोष, लाल खूणवाला निर्दोष. शेवटी एकच उरला, आणि तो बाईंनी मुद्दाम शेवटी ठेवला होता.

तो सगळ्यात जुना होता. एखादा रिपोर्ट दुरुस्त झाला की आधी काय लिहिलं होतं ते इतिहासात जपून ठेवायचं, एवढंच त्याचं काम. तो मास्तरांनी लिहिला होता. मास्तर म्हणजे बाईंच्या आधी या खोलीत बसणारे, बाईंना कामाची बाराखडी गिरवायला लावणारे, आणि निवृत्त होताना फक्त स्वतःची उशी घेऊन घरी गेलेले. त्यांच्या कोडमध्ये चूक शोधायची म्हणजे थोरल्या माणसाच्या पानात डोकावण्यासारखं वाटत होतं. इतकी वर्षं तो ट्रिगर कधी रुसला नव्हता, म्हणून त्याच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं.

बाईंनी तो बंद केला. मेमरीची रेघ चढता चढता थांबली आणि सपाट झाली.

त्यांना आनंदाची उकळी वगैरे फुटली नाही. एकदम भूक लागली. डबा उघडून त्यांनी उभ्या उभ्याच चार घास खाल्ले आणि मग मास्तरांचा कोड वाचायला घेतला.

चूक लहान होती. प्रत्येक रिपोर्टच्या वेळी, तो दुरुस्त झालेला असो वा नसो, हा ट्रिगर इतिहासात लिहिण्याच्या आज्ञेची तयारी करायचा, आणि डेटाबेसला सांगायचा की ही तयारी जपून ठेव, पुन्हा लागेल. पुढचा रिपोर्ट आला की आधी जपून ठेवलेलं विसरून नवी तयारी करायचा, आणि तीही जपून ठेवायला लावायचा. दर पाहुण्याला नवा कप काढायचा, चहा झाला की तो धुऊन कपाटात ठेवायचा, आणि कपाट कधी उघडायचंच नाही. कपाट म्हणजे कनेक्शन. ते बंद झालं की सगळे कप जातात. वॉर्डाची कनेक्शनं दोन पाहुण्यांत उठून जात होती, म्हणून तिथे कुणाला पत्ता लागला नाही. लॅबच्या कपाटावर मात्र चिकटपट्टी होती, बंद करू नये म्हणून.

हे कळलं तरी बाईंच्या मनाची रुखरुख जाईना. मास्तर असे गबाळे नव्हते. त्यांनी फोन लावला. मास्तर झाडांना पाणी घालत होते, ते थांबवून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये दोनदा 'मोठ्याने बोल' म्हणाले. मग त्यांनी नळ बंद केला.

"तेव्हा लॅब रात्री बंद व्हायची गं," ते म्हणाले. "आठला दिवे मालवायचे, यंत्रं बंद, सगळं बंद. म्हटलं, साठलेलं आपोआप जाईल. मोकळं करायचं काम मी रात्रीवर सोपवलं होतं."

बाईंनी सांगितलं की आता लॅब चोवीस तास चालू असते.

"झोपतच नाही?"

"नाही. दोनला दहा मिनिटं, तेवढीच."

"आणि माणसं?" मास्तरांनी विचारलं.  मास्तरांनी उत्तराची वाट बघितली नाही. चार ओळी बदल म्हणाले, एकदाच तयारी कर आणि पुढच्या वेळी आधी कपाट उघडून बघ, आणि पुन्हा झाडांकडे गेले.

चार नाही, सहा ओळी लागल्या. जुन्या मशीनवर बाईंनी त्या रात्रभर चालवून बघितल्या. रेघ जमिनीवर झोपल्यासारखी सपाट. मग गुरुवारी दोनच्या झोपेत त्यांनी नवा ट्रिगर खऱ्या सर्व्हरवर बसवला, आणि लॅबला कळवलं की झोप उरकली, यंत्रं जोडा.

शुक्रवारी दोन वाजता बाईंनी काही केलं नाही. नुसत्या पडद्यासमोर बसून राहिल्या. दोन वाजून गेले, अडीच झाले. सर्व्हर सकाळसारखाच हलका. वॉर्डातून एका डॉक्टरने फोन केला की आज बंद होणार नाही का, चुकून राहिलं का? तिच्या आवाजात काळजी होती. चालणाऱ्या गोष्टीचीही माणसाला भीती वाटते, एकदा बिघाड अंगवळणी पडला की.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावून शाबासकी दिली, रजेच्या अर्जावर सही केली, आणि त्याच पेनाने एक नवा आदेश लिहायला घेतला की आजपासून दोनचा खंड रद्द, सर्व विभागांनी अखंड काम करावं. बाईंना भिंतीशी मांडलेली ती चार स्टुलं आठवली. त्यांनी कधी कुणासाठी शब्द टाकला नव्हता. स्वतःसाठी टाकतानाच त्यांच्या नाकी नऊ यायचे. पण त्या दिवशी म्हणाल्या की तो दहा मिनिटांचा खंड लॅबपुरता ठेवता आला तर बरं.

साहेबांनी मान वर केली. "का? मशीनला गरज आहे?"

इथे 'हो' म्हटलं असतं की काम झालं असतं. साहेबांना कळण्याचं कारणच नव्हतं. लॅबच्या बायकांचे पाय रोज दहा मिनिटं त्या खोक्यांवर टेकले असते. पण मग दोनला ते मशीन बंद करायला बाईच लागल्या असत्या, सही केलेला अर्ज पुन्हा खणात गेला असता, आणि ताईने पुन्हा 'असू दे गं' म्हटलं असतं. त्याहून मोठी अडचण म्हणजे बाईंना खोटं बोलताच येत नव्हतं. त्यांच्या धंद्यात खोटं बोलून आकडा बदलत नाही, आणि ती सवय केबिनमध्येही सुटत नव्हती.

"मशीनला नाही," त्या म्हणाल्या. "माणसांना आहे. ती चोवीस तास उभी असतात."

साहेबांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. माणसांचं वेगळं बघू म्हणाले. बाई आभार मानून बाहेर आल्या. 'बघू'चा अर्थ त्यांना ठाऊक होता.

जिन्यात काकू भेटल्या. बातमी आधीच वर पोचली होती. बाईंना वाटलं, आता ऐकावं लागणार. काकू कठड्याला रेलल्या, एक पाय चपलेतून काढून दुसऱ्यावर चोळला.

"सापडलं म्हणे तुमचं."

"सापडलं."

"बरं झालं. आमच्या पायांना उगाच वाईट सवय लागली होती." मग काकू हसल्या. "तोंड नका पाडू. बसायचं कसं ते आता आम्हाला कळलंय. सर्व्हर नाही झोपला तर आम्ही पाळीपाळीने बसू, साहेब काय लॅबच्या वासात येतात थोडेच. तुम्ही बहिणीकडे जा."

बाईंचा जीव भांड्यात पडला. खोलीत येऊन त्यांनी दार लोटून घेतलं आणि ताईला फोन लावला. इतके दिवस दाबून धरलेलं सगळं त्या भडाभडा बोलल्या. सापडलं, दुरुस्त झालं, साहेबांनी सही केली, उद्या सकाळची बस धरते, सोमवारी तू निर्धास्त ऑपरेशनला जा, अप्पांचं मी बघते.  

"अगं," ताई म्हणाली, "ती तारीख मी सोडली."

"सोडली म्हणजे?"

"मंगळवारीच फोन केला दवाखान्यात. म्हटलं, दुसऱ्या कुणाला तरी द्या, कशाला अडवायची. तुझं ते मशीन आहे, तुला कुठे जमणार होतं." ती कुरकुरत नव्हती. पाऊस असला की छत्री घेऊन निघावं, इतक्या सहज सांगत होती. "पुढची कधी देऊ विचारत होते. म्हटलं सांगते. तू नको जिवाला लावून घेऊ, मला सवय आहे."

बाईंनी सोमवारी 'नक्की' म्हटलं होतं, आणि ताईने दुसऱ्याच दिवशी तारीख सोडली होती. ज्या दिवशी बाई कंबर कसून बसल्या, त्याच दिवशी. सगळं हॉस्पिटल जसं दोनच्या झोपेला धरून चालायला शिकलं होतं, तशी ताई बाईंच्या न येण्याला धरून चालायला शिकली होती. बिघाड इथेही अंगवळणी पडला होता, आणि हा सहा ओळींत दुरुस्त होणारा नव्हता. बाई फोन हातात धरून रडल्या, आवाज न करता, कारण थंड खोलीच्या काचेतून बाहेरचं सगळं दिसतं आणि बाहेरच्यांना आतलं.

मग डोळे पुसून त्यांनी रजेचा अर्ज बॅगेत टाकला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या आधी त्या ताईच्या दारात उभ्या होत्या. ताईने दार उघडलं, हात ओले, पदर खोचलेला, चेहरा पिवळट. तिने आधी बाईंच्या मागे बघितलं, जणू काही वाईट बातमी घेऊन कुणी आलंय की काय.

"अगं, तारीख नाही ना आता," ती म्हणाली.

"नसू दे. मी आलेय."

ताईला काय करावं सुचेना, म्हणून तिने सूचना द्यायला सुरुवात केली. ही गोळी जेवणाआधी, ही नंतर, कूस बदलताना डावा खांदा धरायचा नाही, पाणी चमच्याने, नाहीतर ठसका लागतो. सांगता सांगता स्वतःच करून दाखवायची आणि करता करता सगळं करूनच टाकायची. बाईंनी हातातला चमचा काढून घेतला की ताई टॉवेल उचलायची, टॉवेल घेतला की पाण्याचं भांडं. अप्पा अंथरुणातून दोघींकडे आळीपाळीने बघत होते. धाकटी आलीय हे त्यांना कळलं होतं, आणि ते मधून मधून तिचा हात थोपटत होते.

जेवणं झाली. अप्पांचा डोळा लागला. ताई भांडी घासायला निघाली आणि मध्येच ओट्याला धरून वाकली. एक हात बरगडीखाली, डोळे मिटलेले.  बाईंनी तिचा दंड धरून तिला आतल्या खोलीत नेलं, कॉटवर बसवलं, शेकायची पिशवी गरम करून आणली.

"दहा मिनिटं पडते," ताई म्हणाली. "फक्त दहा. तीन वाजता अप्पांची कूस बदलायची असते."

"बदलते मी."

"डावा खांदा..."

"धरत नाही."

बाईंनी दार ओढून घेतलं. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजत होते. ते बघून त्यांना हसू आलं. त्यांनी भांडी घासली, तीनला अप्पांची कूस बदलली, चमच्याने पाणी दिलं. अप्पांनी खुणेने विचारलं, ती कुठे? झोपलीय, बाई म्हणाल्या. अप्पांनी पुन्हा विचारलं. दिवसाउजेडी ही मुलगी झोपते यावर त्यांचा विश्वासच बसत नव्हता, म्हणून बाईंनी मधलं दार हळूच किलकिलं करून त्यांना दाखवलं. तोंड उघडं, एक हात कॉटच्या बाहेर लोंबतोय, ताई लहान मुलीसारखी झोपली होती. अप्पा बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.

दिवे लावायची वेळ झाली तेव्हा ताई दचकून उठली. केस विस्कटलेले, गालावर उशीची खूण. अप्पांची कूस बदललेली, भांडी पालथी घातलेली, अंगणातले कपडे घडी करून ठेवलेले. ती सगळीकडे बघत दारात उभी राहिली. उठवलं का नाहीस असं तिने विचारलं नाही. बाईंनी कोरा चहा केला, दोघी पायरीवर बसल्या. ताई एका हातात कप धरून बसली होती, दुसरा हात बरगडीवर.

"पुढची तारीख घेतली तर," ती म्हणाली, "येशील?"

"येईन."

ताई 'बघू' म्हणेल, नाहीतर 'असू दे' म्हणेल, म्हणून बाई वाट बघत होत्या. ताईने चहा संपवला, कप खाली ठेवला, आणि तिच्या बरगडीवरचा हात पहिल्यांदाच बाजूला गेला.

"मग सोमवारी सकाळी दवाखान्यात फोन तू कर," ती म्हणाली. "मी केला तर पुन्हा लांबची मागेन."